सक्तीचं घर आणि अकराचा फोन

बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर घरी सोडताना हॉस्पिटलनं जो कागद हातात दिला, त्याच्या एका बाजूला औषधं होती आणि दुसऱ्या बाजूला मनाई. मनाईची बाजू जास्त भरलेली होती. गर्दीत जायचं नाही. घरी कुणाला बोलवायचं नाही. सर्दी-खोकला असलेल्यानं तर उंबऱ्याच्या आतही यायचं नाही. कुंड्या घराबाहेर ठेवायच्या, कारण मातीत बुरशी असते. कच्चं, शिळं, उघड्यावरचं खायचं नाही. थेट उन्हात बसायचं नाही. बाहेर पडायचं ते रक्त तपासायला आणि ओपीडीला, तेही मास्क लावून. पहिले 100 दिवस हे सगळं कडक पाळायचं आणि पुढे सहा महिने ते वर्षभर रिपोर्ट बघून एकेक बंधन सैल करायचं.

हे सगळं कशासाठी, ते नीट समजून घेतलं म्हणून निभावता आलं असं मला वाटतं. केमोथेरपीनं माझी स्वतःची अस्थिमज्जा (बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर) संपवली होती आणि तिच्या जागी ताईच्या रक्तातून काढलेल्या मूळपेशी सोडल्या होत्या. (सख्ख्या भावंडाशी पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मला बहीण एकच, म्हणजे नशीबच म्हणायचं.) पेशी रुजल्या की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दोन-चार आठवड्यांत वाढायला लागतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या 500च्या खाली असताना साधा ताप आला तरी तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. त्या वाढल्या तरी काम संपत नाही, कारण एकेक जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार व्हायला वर्ष-दीड वर्षही लागतं. त्यात ताईच्या पेशींनी माझ्याच शरीराला परकं समजून त्यावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू. लहानपणी घेतलेल्या लशींचाही उपयोग उरत नाही, त्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. वय चाळिशीचं आणि प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळाची, अशी अवस्था.

"बरं झालं, सक्तीची विश्रांती मिळाली, आता भरपूर वाचून घे," असं जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं. भेटीदाखल पुस्तकं आली, रंगवायच्या वह्या आल्या, कुणीतरी लोकर आणि सुया पाठवल्या. लोकांचा जीव तुटतो आणि काय करावं ते कळत नाही, तेव्हा लोक वस्तू पाठवतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या त्या गोळ्यांनी हात थरथरतात. सुईवर टाका धरायचा तर दोन्ही हात मांडीवर टेकवून बसावं लागायचं आणि तरीही टाका सुटायचा. वाचायला घेतलं की पान उलटेपर्यंत मागचं विसरायला व्हायचं. वेळ मिळाला की वाचन होतं, ही समजूत ज्यांना वेळ मिळत नाही त्यांची असते.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एकटं वाटायलाही अंगात त्राण लागतं, ते नव्हतं. आंघोळ करून आलं की झोप लागायची. पंचाईत सुरू झाली ती बरं वाटायला लागल्यावर. डोकं शाबूत, अंगात थोडी हुशारी आणि समोर चार भिंती. नवरा सकाळी कामाला जायचा, संध्याकाळी येऊन आधी आंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि मग मास्क लावून माझ्या खोलीत यायचा. मधला सगळा दिवस मी आणि घर.

गंमत अशी की तास सरता सरायचे नाहीत आणि आठवडे कुठे जायचे ते कळायचं नाही. आज काय वार, हे मी गोळ्यांच्या डबीचा कुठला कप्पा रिकामा झालाय त्यावरून ओळखायचे. हे माझंच काहीतरी बिघडलंय असं वाटत होतं, तेवढ्यात मिशेल सिफ्रची हकिगत वाचनात आली. हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 1962 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला होता. उठलो, जेवलो, झोपतोय, एवढं तो वर बसलेल्या सहकाऱ्यांना फोन करून सांगायचा. त्यांनी मात्र त्याला वेळ सांगायची नाही, असं ठरलं होतं. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं 20 ऑगस्ट चालू होता. शरीराचं झोपण्या-उठण्याचं चक्र चोवीस तासांच्या आसपासच फिरत होतं, चुकली होती ती मनातली मोजदाद. सेकंदाला एक या वेगानं 120 आकडे मोजायला सांगितले तर त्याला पाच मिनिटं लागायची.

माझ्या गुहेत घड्याळ होतं, मोबाइल होता, भिंतीवर कॅलेंडर होतं. तरी तेच झालं. म्हणजे घड्याळ दिसलं की भागतं असं नाही. एरवी आपला वार, आपली वेळ आपण घड्याळावरून कमी आणि माणसांवरून जास्त ओळखतो. अमक्याला अमुक वाजता भेटायचंय, आज शनिवार म्हणजे हिचा क्लास, उद्या त्याची सुट्टी. माणसं गेली की वारही गेले.

मग वेळापत्रक झालं. ते सगळेच करतात. कागदावर रंगीत पेनांनी आखलेलं: सातला उठणं, साडेसातला प्राणायाम, नऊला वाचन, दहाला ऑनलाइन फ्रेंच, असं रात्री झोपेपर्यंत. नवऱ्यानं ते फ्रिजवर लावलं. फ्रेंच सर्वांत आधी गेलं. प्राणायाम आठवडाभर टिकला. दुपारचं डायरीलेखन केवळ दोन ओळींवर आलं आणि त्याही रोज त्याच. आळस म्हणावा तर तसंही नव्हतं. ठरवलेली गोष्ट केली काय आणि नाही केली काय, कुणाचंच काही अडत नव्हतं. माझंसुद्धा.

टिकलं ते वेगळंच काहीतरी.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. वयोमानानं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. अशा माणसाला कडेकडेचं दिसतं, घरातल्या घरात वावरता येतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. चेहरा नाही, अक्षर तर नाहीच. त्यांचं एका रोजच्या गोष्टीवाचून फार अडायचं: वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. सूनबाई कामावर जायच्या घाईत, नातू कानात हेडफोन घालून. हे सगळं नवऱ्याला लिफ्टमध्ये कळलं आणि त्यानं घरी येऊन सहज सांगितलं. मला वाटलं, एकदा फोन करून बघावा.

पहिला फोन शिष्टाचारात गेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा केला, तर रिंग पुरती वाजायच्या आधी त्यांनी उचलला आणि म्हणाले, "अकरा वाजून चार मिनिटं झाली." काल अकराला केला होता, म्हणजे आजही अकराच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी हसले, पण दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असतानाच वर्तमानपत्र, पेन आणि चष्मा घेऊन खुर्चीत बसले होते.

पद्धत हळूहळू ठरत गेली. मी चौकोनांची संख्या आणि सूचना वाचायची, त्यांनी मिटल्या डोळ्यांनी ऐकायचं. कुठल्या चौकोनात काय आलंय ते मी सांगत राहायचं, पण त्यांना ते फार सांगावं लागत नसे, पूर्ण जाळं डोक्यात धरून ठेवायचे.

"आडवा सात. चार अक्षरी. नसती ढवळाढवळ."

"पहिलं अक्षर आलंय?"

"नाही. शेवटचं व आहे."

"उठाठेव. लिही. आणि उभा तीन परत वाच, मघाशी घाईत वाचलंस तू."

"घाईत नाही काका, मास्क आहे."

"घरात कशाला मास्क?"

"नर्स आलीय, रक्त घ्यायला."

"मग तिला विचार उभा तीन."

नर्सला येत नव्हता. पण रक्त घेऊन झाल्यावर ती दोन मिनिटं दारात थांबली, कारण तिलाही आता त्याचं उत्तर हवं होतं.

काकांनी मला तब्येत जवळजवळ कधीच विचारली नाही. त्याचं महत्त्व आजारी पडल्याशिवाय कळायचं नाही. आजारी माणसाकडे बाकी सगळे देणारे म्हणून येतात. धीर देतात, सल्ला देतात, फळं देतात. काकांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते वेळेवर हवं होतं. अकराला कुणीतरी फोनपाशी बसलेलं असणार म्हणून दहाला आंघोळ, म्हणून साडेआठला उठणं, म्हणून रात्री वेळेवर झोपणं. फ्रिजवरच्या कागदाला जे जमलं नाही ते त्या एका फोननं उलट्या दिशेनं करून दाखवलं.

हे लक्षात आल्यावर मी दिवसात आणखी एक खुंटी ठोकायची ठरवली, संध्याकाळची. ताईचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला मी भेटू शकत नव्हते; शाळकरी मुलं म्हणजे सर्दीपडशाची खाण, आणि नुकतीच जिवंत विषाणूची लस घेतलेलं मूलही काही काळ लांब ठेवायला सांगतात. व्हिडिओ कॉलवर त्याचं माझ्याशी बोलणं म्हणजे "हॅलो मावशी, बरी आहेस का" आणि पळ. मुलांना कर्तव्य म्हणून बोलायला लावू नये, ती आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात. म्हणून मी त्याला रोज साडेसातला एक गोष्ट सांगायचं कबूल केलं, अट एवढीच की ती रोज अर्धवट सोडायची.

गोष्ट निवडली बेल्जिका जहाजाची. 1898 मध्ये हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं आणि सुमारे वर्षभर अडकूनच राहिलं. अंटार्क्टिकातला हिवाळा काढणारी ही पहिली मोहीम, तीही नाइलाजानं. सुमारे 70 दिवस सूर्य उगवला नाही. माणसं फिकट पडली, कुढायला लागली, काहींची मनं बिघडली. जहाजावर नान्सेन नावाचं मांजर होतं, तेही त्या हिवाळ्यात मेलं. (मांजराच्या भागाला भाचा रडला आणि ताईनं मला स्वतंत्र फोन करून झापलं.) जहाजावरचा डॉक्टर फ्रेडरिक कुक यानं दोन-तीन गोष्टी चालू केल्या. पेंग्विनचं आणि सीलचं ताजं मांस, जे कुणालाच आवडत नव्हतं, ते सक्तीनं खायला घातलं. त्यानं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार, आटोक्यात आला. आजारी माणसांना कपडे काढून धगधगत्या शेगडीसमोर तासभर बसवायला सुरुवात केली, उजेडासाठी आणि उबेसाठी. आणि जहाजाभोवती बर्फावर गोल गोल चालायचा नेम घालून दिला. खलाशांनी त्या फेऱ्यांना वेड्यांच्या इस्पितळातली रपेट असं नाव ठेवलं, पण चालले. शेवटी करवती आणि सुरुंगांनी बर्फात कालवा खणून 1899च्या मार्चमध्ये जहाज सुटलं. जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून रोआल्ड आमुंडसेन होता, जो पुढे दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचला.

कुकचं पुढचं आयुष्य मात्र गोत्यातच गेलं. उत्तर ध्रुव गाठल्याचा त्याचा दावा लोकांनी मानला नाही आणि नंतर एका आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात तो तुरुंगात गेला. आमुंडसेन त्याला तिथे भेटायला गेला होता. "म्हणजे तो चांगला होता की वाईट?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, जहाजावर चांगला होता. त्यावर आमचा वाद पुढे दोन संध्याकाळी चालला.

आता ही गोष्ट मी त्याच्यासाठी वाचत होते, पण दुपारभर टिपणं काढताना माझ्या लक्षात यायला लागलं की कुकनं जे केलं त्यातलं जवळजवळ सगळं माझ्या डिस्चार्जच्या कागदावर होतं, फक्त आकर्षक भाषेत नव्हतं. त्यातल्या उजेडाकडे आणि चालण्याकडे मी तोवर दुर्लक्ष केलं नव्हतं, पण मनापासूनही काही करत नव्हते.

उजेडाचं सांगते. घरात दिवे लावून जो उजेड मिळतो तो साधारण 100 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स मिळतात आणि स्वच्छ दिवशी सावलीतसुद्धा दहा हजारांच्या घरात. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली जुळवून घेते. पण मेंदूतल्या घड्याळाला जाणवतो. त्या घड्याळाचा स्वतःचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे रोज सकाळी उजेडानं त्याला मागे ओढून जागेवर आणावं लागतं. नाहीतर झोप रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते. माझी अडचण अशी की थेट ऊन त्वचेवर घ्यायला बंदी. ताईच्या पेशी त्वचेवर हल्ला करण्याला त्यानं निमित्त मिळू शकतं. डॉक्टरांना विचारून तोडगा काढला: उठल्याबरोबर पडदे सारून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, ऊन आत न येणाऱ्या खिडकीला लागून अर्धा-पाऊण तास बसायचं. खिडकी बंदच, कारण वरच्या मजल्यावर तोडफोड चालू होती आणि बांधकामाच्या धुळीत बुरशीचे कण असतात. काचेतून ड जीवनसत्त्व मिळत नाही, ते बनवणारे किरण काच अडवते. त्यासाठी गोळी होतीच. पण मेंदूतल्या घड्याळाला काचेची अडचण नसते. दहा-बारा दिवसांत रात्रीची झोप जागेवर आली. स्टेरॉइडची गोळीही (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकीच एक) सकाळीच, खाण्याबरोबर घ्यायची असते. दुपारनंतर घेतली तर रात्री डोळा लागत नाही. हे कागदावर होतं, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं.

चालण्याचं मला खरं महत्त्व खुर्चीनं शिकवलं. स्टेरॉइड जास्त दिवस घेतलं की मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू कमकुवत होतात. त्यात हालचाल नाही. एक दिवस बुटक्या खुर्चीतून उठायला गेले आणि उठताच येईना. दुखत काहीच नव्हतं. पाय ऐकायचेच बंद झाल्यासारखे. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून, पुढे वाकून, तिसऱ्या झटक्यात उठले. घरात कुणी नव्हतं हे बरं. मग फिजिओथेरपिस्टनं व्हिडिओ कॉलवर जे शिकवलं ते इतकं साधं होतं की सुरुवातीला अपमान वाटला: आधी उंच खुर्ची, त्यावर उशी, हात छातीवर दुमडून उठायचं आणि मोजत मोजत बसायचं. बसताना धप्पकन पडायचं नाही, खरा व्यायाम सावकाश बसण्यातच असतो. आठवड्यानं उशी काढायची. मग बुटकी खुर्ची. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट किती आहेत ते विचारून मगच पुढचा टप्पा, कारण त्या कमी असताना पडणं परवडत नाही.

हे मी एकटीनं केलं असतं का? मला शंका आहे. संध्याकाळी गोष्ट सांगताना भाच्यानं विचारलं, तू पण जहाजाभोवती फेऱ्या मारतेस का? त्यानंतर गोष्ट चालता चालता सांगायची असं ठरलं. मी स्वयंपाकघर ते बाल्कनीचं दार, तो त्याच्या घरी पलंगाभोवती. ताई म्हणायची, तुमच्यापैकी वेडं कोण ते कळत नाही. मॉस्कोत 2010-11 मध्ये मंगळप्रवासाची रंगीत तालीम म्हणून सहा जणांना 520 दिवस बंद ठेवलं होतं. व्यायाम, काम, डॉक्टर सगळं हाताशी असूनही त्यांची हालचाल महिन्यागणिक कमी होत गेली आणि पडून राहणं वाढत गेलं. ते निवडून घेतलेले, प्रशिक्षित लोक होते. त्यामुळे हातपाय आपोआप चालत राहतील यावर मी तरी भरवसा ठेवला नाही.

फोनबद्दल थोडं. "कशी आहेस?" असा मेसेज रोज कितीतरी जण पाठवायचे आणि प्रत्येकाला उत्तर देणं हेच एक काम होऊन बसलं. शेवटी आठवड्यातून एकदा सगळ्यांना मिळून रक्तपेशींच्या काउंटसकट एक सविस्तर मेसेज जाईल, तोवर विचारू नका, असं कळवून टाकलं. एक-दोघांना राग आला. येऊ दे. व्हिडिओ कॉलचाही शीण यायचा. समोरचा माझ्या टकलाकडे बघत नाहीये असं दाखवायची पराकाष्ठा करायचा आणि मी त्याला बरं वाटावं म्हणून हसायचे. त्याउलट एक मैत्रीण दुपारी फोन लावून ठेवायची आणि आपापली कामं करायची. ती ऑफिसचं टाइप करायची, मी कपाट आवरायचे. वीस-वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. इतकं निवांत मला कुठल्याच गप्पांत वाटलं नाही. ज्यांचं माणूस असं घरात अडकलंय त्यांना मी हेच सुचवते, बोलायला विषय नसेल तर नुसता फोन चालू ठेवा.

नवऱ्याचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते. माझ्याबरोबर तोही कोंडला गेला. त्याला सर्दी झाली तर ती मला होणार, म्हणून समारंभ बंद, मित्र बंद, चारचौघांत जेवणं बंद. त्यातून तो बोलून दाखवणारा नाही. मग भांडण झालं ते बाथरूमचा दिवा चालू राहिल्यावरून, आणि चांगलंच झालं. त्यानंतर ठरलं की रविवारी सकाळी तो मोकळ्या मैदानावर मित्रांबरोबर चालायला जाईल, लांब राहून, आणि किती वेळ गेलास हे मी विचारायचं नाही. दुसरं, माझ्या खोलीचं दार लोटलेलं असेल तर काळजी करत डोकवायचं नाही. दिवसभर एकटं असलेल्या माणसालाही स्वतःहून एकटं बसायची तासभर गरज असते, हे त्याला पटवायला वेळ लागला. मलाही.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच शरीरात सुप्त असलेला एक विषाणू डोकं वर काढतोय असं रक्तात दिसलं. ट्रान्सप्लांटनंतर हे अनेकांचं होतं आणि त्यावर औषध आहे. पण पुन्हा हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं आणि मनाईची मुदत वाढली. अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांबद्दल असं म्हणतात की निम्मा काळ ओलांडल्यावर, शेवट जवळ दिसायला लागला की मनं जास्त ढासळतात. सगळ्या अभ्यासांत ते दिसत नाही, पण माझ्यात दिसलं. घरी आल्यावर मला भाच्याची गोष्ट सांगावीशी वाटेना. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर ओझं. काकांचा फोन मी करत होते, पण शब्द नुसते वाचून दाखवत होते.

ओपीडीत डॉक्टरांनी ताप, जुलाब, पुरळ विचारलं. मन विचारलं नाही, ते मीच सांगितलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतंय, झोप-भूक बिघडलीय आणि आवडीच्या गोष्टीत जीव लागत नाहीये, हे एवढं स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर त्यांनी ते ताबडतोब मनावर घेतलं. स्टेरॉइडचा मूडवर परिणाम होतो, त्याचा डोस हळूहळू उतरवायला घेतला (मनानं बंद करायचा नाही, ते धोक्याचं असतं), आणि फोनवर बोलणारी समुपदेशक गाठून दिली. तिनं पहिल्या भेटीत मला धीर वगैरे काही दिला नाही. दिवसाचा पाढा विचारला. काकांचं सांगितल्यावर म्हणाली, हा फोन बुडवू नका, बाकी सगळं बुडालं तरी चालेल. औषध लागलं नाही. लागलं असतं तर घेतलं असतं. रक्तात प्लेटलेट कमी झाल्या तर आपण इच्छाशक्तीनं वाढवत नाही, चढवून घेतो.

तो काळ गेला. कसा, ते नेमकं सांगता येणार नाही. औषधाचा डोस उतरला, झोप परतली, भाच्यानं नवीन गोष्टीचा तगादा लावला. हॉस्पिटलात असताना न सांगता दोन दिवस फोन चुकला होता त्याचा राग काकांनी तेव्हा काढला नव्हता. मी सावरल्यावर काढला. "डोळे माझे गेलेत, कान नाही. पडल्या पडल्या सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं." त्या दोन दिवसांची कोडी त्यांनी नातवाकडून कापून ठेवून घेतली होती.

बंधनं सुटली ती एकदम नाही. आधी मोकळ्या जागेत फिरणं, मग घरी एकेक पाहुणा, मग कमी गर्दीची ठिकाणं. लशी पुन्हा घ्यायला सुरुवात झाली. गोवर वगैरेच्या जिवंत विषाणूच्या लशींसाठी ट्रान्सप्लांटपासून दोन वर्षं थांबावं लागतं. माझा रक्तगटही आता ताईचा झालाय, तिचा आणि माझा वेगळा होता. बाहेर पडल्यावर आनंदापेक्षा आधी धास्ती वाटली. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं की पाठ भिंतीला. लोकांचं एकाच वेळी बोलणं झेपत नव्हतं. सुरुवातीला मी ठरवून तासाभरात परतायचे आणि कारण सांगायचे नाही.

आता ऑफिस सुरू झालंय आणि अकराला मीटिंग असते. काकांना मी सकाळी साडेसातची वेळ सुचवली. ते म्हणाले, साडेसातला डोकं चालत नाही, तुझंही नाही आणि माझंही नाही. बरीच घासाघीस झाल्यावर सध्या तह असा आहे: रविवारी अकरा, एरवी साडेसात, आणि साडेसातच्या कोड्यात जे शब्द अडतील ते माझ्या नावावर मांडले जातील. काल तीन अडले. संध्याकाळी भाच्याला विचारले तर एक त्याला आला.